डेमोतला म्हातारा

गिऱ्हाईक जिना चढता चढताच "मॅडम, मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला" असं म्हणू लागलं, की समजायचं, यानंच केलं आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा मी जाफराबादेत बरीच वर्षं केला आणि या एका वाक्यानं मला कधी दगा दिला नाही. माणूस डॉक्टरला खरं सांगतो, वकिलाला अर्धं सांगतो आणि कॉम्प्युटरवालीला काहीच सांगत नाही. एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांचा संगणक दसऱ्यानंतर फ्लॉपी घेईना. खोलून पाहिलं तर फ्लॉपीच्या फटीत अक्षता, हळदकुंकू आणि आपट्याच्या पानाचा तुकडा. खंडेनवमीला त्यांनी तराजूची पूजा केली, फवारणीच्या पंपाची केली, मग संगणकाला कसं वगळणार? ती फट म्हणजे यंत्राचं तोंड असं धरून त्यांनी नैवेद्यासारखं सगळं आत सारलं होतं. मी चिमट्यानं अक्षता काढून त्यांच्या तळहातावर ठेवल्या, तर म्हणाले, "या आमच्या न्हाईत."

माझा स्वभाव मुळातच संशयी. या धंद्यानं त्याला खतपाणी घातलं. यजमानांची नोकरी तिथल्या शाळेत, म्हणून मी जाफराबादेत. औषधाच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली, तिला बाहेरून लोखंडी जिना. एका भिंतीला दुरुस्तीचं टेबल, दुसरीला चार संगणक. तिथं मी सरकारी नोकरीला लागणारा संगणकाचा कोर्स शिकवायची. शिकवणारी बाई आहे म्हटल्यावर लोक लेकी-सुना पाठवायचे. नवं शतक लागून थोडी वर्षं झाली होती. इंटरनेट म्हणजे जालन्याला जाऊन करायची गोष्ट, आणि वीज ही महावितरणच्या मनावर.

संगणकाचं एक इंग्रजी मासिक मी जालन्याच्या स्टेशनवरून आणवायची. त्यासोबत एक सीडी यायची. सीडीत नवनवीन खेळांचे डेमो असत. डेमो म्हणजे काय, ते आता सांगायला हवं. ज्वारी घ्यायच्या आधी आपण मूठभर हातावर घेऊन बघतो, तसा हा खेळाचा मूठभर तुकडा. फुकट खेळा, आवडला तर पूर्ण खेळ विकत घ्या. कंपनी अगदी मोक्याच्या जागी तो तुकडा तोडते. पूर्ण खेळ आमच्या जिल्ह्यात कुठल्याच दुकानात मिळत नव्हता. म्हणजे आमच्यासाठी डेमो हाच खेळ होता, आणि तो कायमचा अर्धा होता.

अशाच एका सीडीत तो भीतीचा खेळ आला. परमुलखातलं एक मोठं घर, बाहेर बर्फ पडतंय. रस्ता चुकलेली एक बाई आसऱ्याला आत येते. तिच्या हातात एक दिवा आणि मोजक्या काड्या. घरात तिघं राहतात: एक म्हातारा डॉक्टर, एक स्वयंपाकीण आणि एक तरणा ड्रायव्हर. तिघंही तोंडावर गोड बोलतात. पण त्यांच्यातलाच एक जण खुनी आहे. आपण त्या बाईच्या डोळ्यांनी घरभर फिरायचं आणि बाहेर पडायची वाट शोधायची. दिवा लावलेला असताना कुणी गाठलं की पडद्यावर नुसता एक हात यायचा, चेहरा नाही, बाही नाही, आणि काळोख व्हायचा. त्यामुळे हात कुणाचा, ते कधी कळायचं नाही. कुणी येतंय असं वाटलं की दिवा विझवून भिंतीला चिकटून उभं राहायचं. मग तो माणूस शेजारून निघून जायचा. असं करत करत शेवटच्या दरवाज्यापाशी पोचलं की दरवाजा कुरकुरत उघडायचा आणि इंग्रजीत पाटी यायची, पुढचं विकत घ्या.

मी तो पहिल्यांदा खेळले तेव्हा भर दुपारी माझ्या हाताला घाम सुटला. माझा संशय स्वयंपाकिणीवर. फार गोड बोलणाऱ्या बाईवर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही, तिच्यावर का ठेवू?

आमच्या शेजारी फोटो स्टुडिओ चालवणारे रशीदभाई या खेळाच्या नादाला लागले. त्यांचा स्वतःचा संगणक माझ्याकडेच दुरुस्तीला यायचा, तो आता जरा जास्तच बिघडू लागला. दुरुस्ती होईपर्यंत बसायचं आणि खेळायचं. त्यांचा संशय ड्रायव्हरवर. तो दरवाजा उघडून पाटी आली की ते माझ्याकडे वळायचे.

"म्याडम, आगे का निकालो ना."

"नाहीच आहे, रशीदभाई. तेवढाच आहे."

"दुकानदारी आम्ही बी करतो म्याडम. चांगला माल आतच ऱ्हातो."

पुढचा भाग मी दडवून ठेवला आहे आणि योग्य गिऱ्हाईक आलं की काढणार आहे, ही त्यांची पक्की समजूत. एकदा मी जेवायला घरी गेले असताना त्यांनी माझ्या सीड्यांचा डबा चाळला होता. डबा उलटा लावलेला होता, म्हणून कळलं. मी विचारलं तर म्हणाले, मी काहीच केलं नाही.

सुनंदा माझ्याकडे आली ती याच सुमाराला. माहेर पिंपळगाव रेणुकाईचं, सासर जाफराबादेजवळच्या एका खेड्यात. रोज काळ्या-पिवळ्या जीपनं यायची. नवरा जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत कामाला. कंपनीच्या ऑफिसात संगणकावर बसायची एक जागा निघणार होती आणि नवऱ्यानं साहेबांच्या कानावर घातलं होतं. हिनं कोर्स पुरा केला तर ती जागा हिला मिळणार, दोघं जालन्यात खोली करून एकत्र राहणार. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि दोघांच्या भेटी सणावारी व्हायच्या. सासरे आबा हो म्हणाले होते, पण कसेबसे. गावातलं जुनं घर, चांगली जमीन, पंचात शब्द असलेला माणूस. सून घराबाहेर पडते आहे ती परत येण्यासाठी की कायमची जाण्यासाठी, हा त्यांचा संशय होता, आणि तो काही खोटा नव्हता.

सुनंदा बोलायची कमी. टायपिंगचा सराव संपला की उरलेल्या वेळात मी मुलींना काहीही करू द्यायची. बाकीच्या चित्रं काढायच्या, ही तो डेमो लावायची. काही दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की ही शेवटच्या दरवाज्यापर्यंत पोचते, आणि दर वेळी पोचते. रशीदभाई पाचातून एकदा पोचायचे, मी दोनदा. हिला इंग्रजीचा गंध नाही. ही काहीतरी लबाडी करते आहे, असं मला वाटलं. मी पाठीमागे जाऊन उभी राहिले.

लबाडी काहीच नव्हती. ती चालायची, मधेच थांबायची आणि दिवा विझवायची. आपल्याला काहीच दिसलेलं नसायचं. मग काही क्षणांनी म्हातारा डॉक्टर कोपऱ्यावरून यायचा आणि निघून जायचा. पुन्हा दिवा. पुढं एका ठिकाणी ती थांबली, पण दिवा विझवला नाही, नुसती मागं सरली. जिन्यावरून स्वयंपाकीण वरच्या मजल्यावर गेली.

"तुला आधीच कसं कळलं?" मी विचारलं.

"पावलं वाजत्यात की, मॅडम." तिनं हेडफोनची एक बाजू मला दिली. "म्हातारा एक पाय दाबून टाकतो. बाई भराभर चालती. तो तरणा हाय त्याच्या बुटाला खिळे हायत."

मी महिनाभर तो खेळ खेळत होते. पावलं वाजतात एवढं मला ठाऊक होतं. ती वेगवेगळी वाजतात, हे माझ्या कानावरून गेलं होतं.

"हे तू कुठं शिकलीस?"

तिला माझा प्रश्नच चमत्कारिक वाटला. "घरी पावलावरूनच कळतं की. मानूस दिसायची वाट पाह्यली तं पदर घ्यायला येळ कुठं ऱ्हातो? मामंजी आले की उठावं लागतं. जेवत असले तरी ताट सारून आत व्हावं लागतं. धा पावलं आधी कळलं तरच जमतं." आणि हे सांगतानाच तिनं डेमो बंद करून टायपिंगचं पान उघडलं. "रशीदभाई येऊन राह्यले."

जिन्याच्या वरच्या पायरीवर रशीदभाई उगवले.

मी तेव्हा हसले. किती हुशार आहे पोरगी, असं वाटलं. घरी गेल्यावर मात्र मला ते तितकं हसण्यासारखं वाटेना. तिला काय वाटत असेल, कोण जाणे. मला वाईट वाटलं. आमच्या आईचाही जेवताना एक कान दाराकडे असायचा.

मग आठवडी बाजाराच्या दिवशी तो प्रकार झाला. सुनंदा खेळत होती, आणि दुरुस्तीला आलेल्या एका गृहस्थांच्या पिशवीत हेडफोनची वायर अडकून उपसली गेली. नेमका त्याच वेळी पडद्यावर तो हात आला. डेमोतली बाई अशी किंचाळली की खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभी असलेली माणसं रस्त्यावर आली. माझे स्पीकर चांगले होते, त्याचा मला अभिमान होता. जिना भरून लोक वर आले. मी सगळ्यांना समजावलं की बाई खेळातली आहे. ते पडद्याकडे, मग माझ्याकडे बघून खाली गेले. एकाही माणसाचा विश्वास बसला नाही, हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

आठवड्याभरात त्या किंकाळीला पाय फुटले. वर बाईच्या क्लासात कोंडून ठेवतात. वर भुताचा पिक्चर दाखवतात. ती खोली पहिल्यापासूनच तशी आहे. दोन मुली यायच्या बंद झाल्या. एकीच्या आईनं निरोप धाडला, तिला ताप आहे, आणि ती मुलगी मला बाजारात भाजी घेताना दिसली. ही बातमी गावोगाव कुणी नेली, याचा मी फार विचार केला. माझा संशय बरेच दिवस रशीदभाईंवर होता, कारण दुसरं कुणी डोळ्यांपुढं नव्हतं.

मग एका सकाळी सुनंदा टाइप करता करता थांबली. चेहरा उतरला. "मामंजी," ती म्हणाली, उभी राहिली आणि पदर घेतला. मला तर नुसता जिना वाजल्यासारखा वाटत होता. थोड्या वेळानं दारात आबा उभे राहिले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी नाही, पण डावा पाय किंचित घासत चालणारा उंच म्हातारा.

"या आबा, बसा. चहा सांगू?"

"चहा नगं." बसले. खोलीच्या चारी कोपऱ्यांवर त्यांची नजर फिरली, माझ्या कपाटावर थांबली. आमच्याकडे चहा नाकारणारा माणूस भांडायलाच आलेला असतो. "बाई, ती वरडती ती कोन हाय, ती दाखवा."

मी त्यांना टायपिंग दाखवलं. हिशेबाचं पान दाखवलं, पेरणीचा हिशेब कसा मांडता येतो ते सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे बघितलं.

"हे बराबर हाय. आता ते दुसरं."

दाखवलं तर म्हणणार, यासाठी पाठवतो का सुनेला. नाही दाखवलं तर लोक म्हणतात ते खरं. दोन्हीकडून सुनंदाचा कोर्स जाणार, आणि त्यासोबत जालन्याची खोलीही. मी तिच्याकडे बघितलं. तिनं पुढं होऊन डेमो लावला. हेडफोन काढून ठेवला, स्पीकर चालू केला. ती उभ्यानंच खेळू लागली, सासऱ्यांसमोर खुर्चीवर कशी बसणार? आबा खुर्चीत, सून त्यांच्या बाजूला वाकून, एक हात माऊसवर, एक पदरावर.

मी कोण कोण आहे ते सांगत गेले. रस्ता चुकलेली बाई. डॉक्टर, स्वयंपाकीण, ड्रायव्हर. यातला एक खुनी.

"कोनता?"

"ते कळत नाही, आबा. तेच शोधायचं."

आबा पुढं झुकले. रात्री शेतावर जागलीला बसलेला माणूस पिकाकडे बघतो तसे बघत होते. सुनंदानं दिवा विझवला. पडदा काळा झाला, खोलीत फक्त पावलं वाजत होती, एक पाय दाबून टाकलेला.

"काय झालं? लाइट गेली?"

"न्हाई मामंजी. म्हातारा येऊन राह्यला."

"कुठं हाय? मला तं दिसंना."

"पावलं."

म्हातारा आला, गेला. दिवा लागला. पुढं ड्रायव्हरच्या बुटांचा आवाज आला तेव्हा आबांनीच हात वर केला, थांब म्हणून. सुनंदा थांबली. बूट लांब निघून गेले. पुन्हा तो दाबलेला पाय वाजला आणि पुन्हा तिनं दिवा विझवला. आबा आता पडद्याकडे बघत नव्हते. सुनेकडे बघत होते. ती काळ्या पडद्यापुढं श्वास धरून उभी होती, पदर घट्ट धरलेला.

दरवाजा कुरकुरला, पाटी आली.

"आता?" आबांनी विचारलं.

"संपलं. पुढचं आमच्याकडे नाही," मी म्हणाले, आणि त्यांनी माझ्या कपाटाकडे एकदा बघितलंच.

"म्हंजे तो म्हातारा वाईटच हाय, असं न्हाई."

"नाही. कदाचित चांगलाही असेल."

"मंग ही त्याचं पाऊल वाजलं की दिवा काहून इझवती?"

प्रश्न मला होता. मी काहीतरी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात सुनंदा बोलली. पडद्याकडेच बघत, हळू आवाजात. "इझवावाच लागतो, मामंजी. चांगला असंन तरी आपल्याला कुठं ठाव असतंय."

आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. "माझं पाऊल वळखती का?"

"व्हय."

"जिन्यावर वळखलं?"

"खालीच. डावा पाय घासतो तुमचा."

आबा उठले, म्हणाले, "चल, जीप भरंन." सुनंदानं पिशवी उचलली. माझ्याकडे न बघता ती त्यांच्या मागून जिना उतरली. मी वरून बघत होते. आबा एकेक पायरी जपून उतरत होते, डावा पाय उचलून ठेवायचा प्रयत्न करत होते.

गेली ही पोरगी हातातून, असं मी धरून चालले. आबांसारखी माणसं भांडत नाहीत, नुसती माणूस घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रशीदभाईंनी विचारलं, "वो बहू कहाँ गई?" आणि मी त्यांना इतकं तोडून बोलले की ते चार दिवस आपला संगणक घेऊन आले नाहीत. चौकशी करता कळलं की किंकाळीची बातमी गावी नेली ती त्या पिशवीवाल्या गृहस्थांनी. ते आबांच्या शेजारच्या गल्लीतले होते. रशीदभाईंची मी माफी मागितली नाही, कारण सीड्यांचा डबा त्यांनी चाळलाच होता.

ते दुकान पुढं मोबाइलच्या जमान्यात बंद झालं. खुनी कोण, ते मला अजून माहीत नाही. आता कुणीही शोधून सांगेल, पण मी विचारत नाही. सुनंदानं कोर्स पुरा केला, परीक्षा पास झाली, जालन्याला गेली. ते सगळं झालं. मला सांगायचं आहे ते ती परत आली त्या सकाळचं.

जिना वाजला, पण कुणाचा ते मला कळलं नाही. तो कान मला कधी आलाच नाही. दारात सुनंदा. मला वाटलं, राहिलेली वही न्यायला आली असेल. मी कपाटाकडे वळले तर म्हणाली, "वही कशाला? क्लासला आले."

"मग इतके दिवस?"

"मामंजीच म्हनले, दोन दिस घरी ऱ्हा. मला वाटलं, बंदच केलं." ती खुर्चीवर बसली, संगणक चालू केला, आणि तो चालू होईपर्यंत बोलत राहिली, एवढं ती आधी कधी बोलली नव्हती. "त्या दिशी संध्याकाळी जेवायला बसल्ते. अंगणात पाऊल वाजलं. ताट सारून उठनारच व्हते, तं बाहेरूनच आवाज दिला. 'मी हाय. बस तशीच.' असं कधी म्हनले न्हाईत, मॅडम. दुसऱ्या, तिसऱ्या दिशी परत तेच. 'मी हाय. बस तशीच.'"

"बसलीस का मग?"

"न्हाई. मला वाटलं, पाहून राह्यले मी उठते का न्हाई ते. तिन्ही दिशी उठले." तिनं टायपिंगचं पान उघडलं, बोटं जागेवर ठेवली. "आज सकाळी बसले."